एक युनिट कमी

पहिला नंबर मधुसूदनरावांचा आला, आणि तो त्यांची बायको वारली म्हणून आला. सोसायटीत हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही पुढे उगाच एखाद्यावर डाफरणार नाही.

बातमी घेऊन गौरांग आला. गौरांग म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी, वय एकतीस, मिहानमध्ये कॉम्प्युटरवरची नोकरी. मुलगा चांगला. तीन शर्ट, दोन पँटी, एक ताट, असं मोजून राहणारा, आणि आपण असं राहतो हे दुसऱ्याला सांगितल्याशिवाय चैन न पडणारा. तो दारातूनच बोलला. दोनशे चाळीस चौरस फुटांच्या घरात कुणाला आत यायचं तर आधी आतल्याला बाजूला व्हावं लागतं, त्यापेक्षा दार बरं.

"काका, अभिनंदन. वीजबचतीत तुमचा पहिला नंबर. जुलै ते सप्टेंबरच्या मानाने ऑक्टोबर ते डिसेंबर, अठ्ठ्याहत्तर टक्के कमी. दुसरा नंबर एकवीस टक्क्यांवर आहे."

"बरं," मधुसूदनराव म्हणाले.

"सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की गच्चीवरच कार्यक्रम. पाच मिनिटं बोला तुम्ही. घरात काय काय बंद केलंत, तेवढंच सांगा. लोकांना शिकायला मिळेल."

"बरं."

"काकू गेल्यावर किती साधं राहून राहिले तुम्ही, बघतोच आहोत आम्ही," गौरांग म्हणाला आणि मग आपण काहीतरी भलतंच बोललो असं वाटून चपलांकडे बघत खाली गेला.

मधुसूदनरावांना राग आला नाही. वाईटही वाटलं नाही. चार महिने ते सगळ्यालाच बरं म्हणत होते. मुलगी भैरवी रोज पुण्याहून फोन करायची, बाबा जेवलात का, बरं. ते मशीन कुणा गरजूला देऊन टाका, बरं. दूधवाला म्हणाला उद्यापासून पाव लिटरच टाकू का, बरं. हातावर डोकं ठेवून झोपलं की हात बधिर होतो आणि आपलाच हात दुसऱ्याचा वाटतो, तसं त्यांचं सगळं अंगच झालं होतं. पण त्या रात्री जेवताना एक प्रश्न मात्र त्यांच्या डोक्यातून जाईना. काय काय बंद केलं, ते गच्चीवर उभं राहून सांगायचं होतं.

आता इमारतीबद्दल थोडं ऐका. बेसा रोडला 'पर्णकुटी रेसिडेन्सी' नावाची ही तीन मजली इमारत आहे. मजल्यावर आठ घरं, प्रत्येक घर दोनशे चाळीस चौरस फूट. एक खोली, भिंतीला ओटा, कोपऱ्यात संडास-न्हाणी. बिल्डरच्या कागदावर लिहिलं होतं, लहान घर, हलकं आयुष्य. राहायला दोन तऱ्हेची माणसं आली. अर्धी गौरांगसारखी, मोठं घर परवडत असून लहान घेतलेली, पृथ्वीवर भार नको म्हणणारी. अर्धी मधुसूदनरावांसारखी, जन्मभर जुन्या शहरातल्या महाल भागात भाड्याने राहून निवृत्तीच्या पैशात एवढंच बसलं म्हणून आलेली. पृथ्वीवर दोघांचाही भार सारखाच पडत होता, पण एकाला त्याचा अभिमान होता आणि दुसऱ्याला ते कुणी विचारू नये असं वाटायचं.

गच्चीवर सगळ्यांच्या मालकीचं सोलर होतं. ऊन जेवढी वीज देईल ती चोवीस घरांत वाटायची. त्यामुळे एका घराने जास्त ओढली की बाकीच्यांना वाटायचं, आपल्या ताटातलं गेलं. गौरांगने गेल्या जूनपासून जिन्याखाली यादी लावायला सुरुवात केली. नावं नाहीत, फक्त घराचे नंबर आणि युनिट. कमी वापर हिरव्या रंगात, जास्त वापर लाल रंगात. नावं नव्हती म्हणे! चोवीस घरांत कोणाचा नंबर काय, हे तिथल्या मांजरालाही माहीत होतं.

तीनशे चार नंबर दर महिन्याला लाल असायचा. नुसता लाल नाही, सगळ्यांत वर. बाकीची घरं ऐंशी-नव्वद युनिटांत भागवायची आणि तीनशे चारचे तीनशे तीस. तीनशे चार म्हणजे मधुसूदनराव आणि यमुताई. दोन म्हातारी माणसं, एक पंखा, एक फ्रिज, दोन दिवे.

आणि एक मशीन. यमुताईंची फुफ्फुसं दोन वर्षांपासून कडक होत चालली होती. डॉक्टरांनी हवेतून प्राणवायू ओढून नळीने नाकात देणारं मशीन घ्यायला सांगितलं होतं. लहान बॅगेएवढं, खाली चाकं, दिवसरात्र घुंऽऽ करत राहणारं. ते रात्रंदिवस चालू ठेवायचं, आंघोळीपुरतं काढलं तर चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते. दिवसाला साडेआठ युनिट ते एकटंच खायचं.

मग सांगून टाकायचं की नाही सोसायटीला? तुम्हीही हेच विचाराल. यमुताईंनी शपथ घातली होती.

"घरात आजारी माणूस आहे कळलं की लोक भेटायला येतात," त्या म्हणाल्या होत्या. "एक आला की मागून तीन येतात. दिवाणावर मी. त्यांना बसवाल कुठे, ओट्यावर? आलेल्या माणसाला उभ्याउभ्या चहा द्यायचा का? मला नाही जमायचं."

महालातल्या भाड्याच्या घरात समोरची एक खोली होती, दोन लाकडी खुर्च्या आणि एक बाक होता. कुणीही आलं की यमुताई आधी 'बसा' म्हणायच्या आणि मग काय काम ते विचारायच्या. पाहुण्याला बसवता येत नाही, ही त्यांना आजारापेक्षा मोठी लाज वाटत होती. तुम्हाला हे खुळ्यासारखं वाटेल. मधुसूदनरावांना वाटलं नाही. पस्तीस वर्षं ज्या बाईने दारातून कुणाला कोरडं जाऊ दिलं नाही, तिचं ऐकायचं नाही तर कुणाचं? ते कुणालाच काही बोलले नाहीत.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर गच्चीवर मीटिंग झाली. कुणी म्हणालं, चंगळ बंद झाली पाहिजे. दुसऱ्या मजल्यावरची माया म्हणाली, "आम्ही पोरांना पंखा बंद करायला शिकवतो आणि इथे कुणी एक घर चार घरांची वीज ओढून राहिलं." बळीराम नावाचे एक गृहस्थ म्हणाले, माणसाला लागतं किती हे ज्याचं त्याला कळलं पाहिजे. मग दहा मिनिटं माणसाला किती लागतं यावर वाद झाला. फ्रिज गरज की चैन, गिझर गरज की चैन. सगळ्यांचं मत वेगवेगळं, पण डोळे सगळ्यांचे एकाच दिशेला.

मधुसूदनराव उभे राहिले. "आमचा फ्रिज जुना आहे," ते म्हणाले. "बदलतो."

तीनशे चार गच्चीच्या बरोबर खाली. न्हाणीच्या झरोक्यातून गच्चीवरचं बोलणं शब्द न् शब्द खाली उतरायचं. ते खाली आले तेव्हा यमुताई नाकातली नळी सारखी करत दिवाणावर बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्यापायी तुम्हाला चारचौघांत खोटं बोलावं लागलं."

"फ्रिज खरंच जुना आहे," मधुसूदनराव म्हणाले, आणि विषय तिथेच संपला.

दोन सप्टेंबरला ऑगस्टची यादी लागली. तीनशे चारसमोर कुणीतरी पेनने लिहिलं होतं, 'काश्मीर का?', म्हणजे एसी लावून घर गार करता का. मधुसूदनरावांनी जेवताना ते यमुताईंना गंमत म्हणून सांगितलं. त्याही हसल्या. हसताना त्यांना धाप लागली.

आता मधुसूदनरावांची एक सवय सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. ते वीज खात्यात चौतीस वर्षं नोकरीत होते. त्यातली निम्मी काटोल आणि सावनेरकडे मीटर वाचण्यात गेली. निवृत्त झाले तरी रोज सकाळी सहाला खाली उतरून, चष्मा कपाळावर सरकवून ते स्वतःच्या मीटरचा आकडा बघत आणि वर येऊन डायरीत टिपत. आदल्या दिवसाचा आकडा वजा करत. आणि जो काही फरक येईल तो चपला काढता काढता मोठ्याने सांगत. बायकोला त्यात काडीचा रस नव्हता, तरी सांगत. ती "हं" म्हणायची.

चार सप्टेंबरला ते वर आले आणि म्हणाले, "आज एक युनिट कमी."

"बघा, होतं की," यमुताई म्हणाल्या.

पाच तारखेलाही एक युनिट कमी. सहालाही. रोज अकरा यायचे, आता दहा येऊ लागले. मधुसूदनराव खूष झाले. त्यांनी फ्रिजचं बटण फिरवून आकडा खाली आणला होता, त्याचाच हा गुण, असं त्यांना वाटलं. रोज सकाळी ते दारातून वर्दी द्यायचे, एक युनिट कमी, आणि यमुताई रोज म्हणायच्या, बघा, होतं की. तीन आठवडे हे चाललं. त्या तीन आठवड्यांत यमुताई जरा जास्तच थकल्या, ओठ काळपट दिसायला लागले, पण डॉक्टर म्हणाले होतेच की आजार वाढणारा आहे. तेवीस सप्टेंबरला संध्याकाळी सातला ते वाचनालयातून परत आले, तर मशीन चालू होतं, नळी नाकात होती आणि यमुताईंना बोलता येत नव्हतं. धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. पंचवीसला त्या गेल्या.

अंत्ययात्रेला अख्खी पर्णकुटी आली. माया रडली. गौरांगने धावपळ केली. मशीनवर यमुताईंचं जुनं लुगडं घडी करून टाकलेलं होतं, कुणालाही ते स्टूल वाटलं असतं. मधुसूदनराव पुढे त्याच्यावर चहाचा कप ठेवायला लागले. घर लहान, दुसरं काही ठेवायला जागा नव्हती.

तर, गौरांग सांगून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मधुसूदनराव भाषण लिहायला बसले. काय काय बंद केलं? त्यांना काहीच आठवेना. पंखा तोच, दिवे तेच, फ्रिज तोच. मशीन बंद झालं, बस. मग त्यांनी डायरी काढली, निदान आकडे तरी सांगता येतील म्हणून. पानं उलटता उलटता ते सप्टेंबरवर आले. अकरा, अकरा, अकरा, आणि तीन तारखेपासून दहा. तेवीसपर्यंत सगळे दहा. एकवीस दिवस.

त्यांची पेन्सिल थांबली. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हजारो आकडे बघितले होते. फ्रिजचं बटण फिरवून रोज बरोबर एक युनिट कमी होत नाही. कधी अर्धं होईल, कधी पाव. रोज एकसारखं तेव्हाच कमी होतं, जेव्हा कुणीतरी एकच वस्तू रोज तेवढाच वेळ बंद ठेवतं. मशीन तासाला पस्तीस शतांश युनिट घ्यायचं. एक युनिट म्हणजे तीन तास. आणि रोज चार ते सात, तीन तास, ते वाचनालयात असायचे.

त्यांनी डायरी मिटली. पाणी प्यायले. मग चपला घालून शेजारच्या तीनशे तीनची कडी वाजवली.

तिथे भारती राहायची, नवरा भूपेशबरोबर. भारती उमरेडच्या विणकराच्या घरातली, माहेरी एकाच खोलीत हातमाग आणि सात माणसं. तिला पर्णकुटीचं घर मोठं वाटायचं, म्हणून ती सोसायटीच्या वादांत कधी पडत नसे.

"भारती, सप्टेंबरात आमच्या घरातून तो आवाज यायचा ना, घुंऽऽ असा," मधुसूदनराव म्हणाले. "तो मध्ये बंद व्हायचा का?"

भारतीने हातातलं पीठ पदराला पुसलं. "होय काका. रोज चारले बंद होये. तुमी खाली उतरले का लगेच. मंग तुमच्या चपलांचा आवाज जिन्यात आला का चालू."

"तुला बरं आठवतं."

"मी मागाच्या घरची हाओ न काका. बाबूजीचा माग थांबला का आमचा झोपेतही डोया उघडे. आवाज चालू असला तर ऐकू नाई येत, थांबला का येते." "मले वाटे का काकू झोपून राहिल्या असन, म्हणून बंद केला असन कूलर. ते कूलर होतं न?"

"नाही," मधुसूदनराव म्हणाले.

"मंग काय होतं?"

त्यांनी सांगितलं. भारती दाराची चौकट धरून उभी राहिली. मग म्हणाली, "मी एकडावही काहून नाई विचारलं काकूले? भिंतीले भिंत हाय आपली." ते बरं म्हणाले आणि घरी आले.

दोन दिवसांनी ते डॉक्टरांकडे गेले. तासभर बाकावर बसले, नंबर आला, आत गेले. विचारायचं एवढंच होतं की रोजच्या तीन तासांनी काही फरक पडला असता का. डॉक्टर काहीतरी उत्तर देणार, आणि कोणतंही उत्तर दिलं तरी ते घेऊन त्याच खोलीत परत जायचं, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ब्लडप्रेशरच्या गोळ्या लिहून घेतल्या आणि ई-रिक्षाने परत आले.

सव्वीस जानेवारीला गच्चीवर झेंडा चढला, राष्ट्रगीत झालं, पोरांना जिलेबी मिळाली. सोलरच्या काळ्या काचांसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. मधुसूदनरावांना तुळशीची कुंडी आणि चौकटीतलं प्रमाणपत्र मिळालं. टाळ्या वाजल्या. मग गौरांगने माईक त्यांच्या हातात दिला.

"मला विचारलं आहे की मी काय काय बंद केलं," मधुसूदनराव म्हणाले. आवाज सरळ, मीटरचा आकडा वाचून दाखवावा तसा. "मी काही बंद केलं नाही. आमच्याकडे प्राणवायूचं मशीन होतं. आमच्या हिला लागायचं, दिवसरात्र. दिवसाला साडेआठ युनिट. ती पंचवीस सप्टेंबरला गेली. आता मशीन लागत नाही. म्हणून अठ्ठ्याहत्तर टक्के. वीज जुन्या फ्रिजमुळे जाते असं मी ऑगस्टमध्ये भासवलं होतं, ते खोटं होतं. तिला कुणाला कळू द्यायचं नव्हतं, घरात बसवायला जागा नाही म्हणून."

माईक परत दिला आणि ते खुर्चीवर बसले. मायाने पदर तोंडाला लावला. गौरांगचे कान लाल झाले. तो म्हणाला, "काका, तुम्ही एकदा सांगितलं असतं तर..." खरं होतं त्याचं. सांगितलं असतं तर कुणी काही बोललं नसतं, उलट गच्चीवरची सगळी वीज तीनशे चारला दिली असती. सगळे धावत वर आले असते भेटायला. आणि यमुताईंनी त्यांना बसवलं कुठे असतं?

चार ते सातचं मात्र मधुसूदनराव गच्चीवर बोलले नाहीत. ते सांगण्यासारखं नव्हतं, ते दोघांतलं होतं. बायकोने रोज तीन तास श्वास वाचवला होता आणि त्यांनी रोज सकाळी त्याची वर्दी दिली होती, आनंदाने. त्यांनी एकदा जरी तोंड बंद ठेवलं असतं, एकदा जरी म्हटलं असतं की अकराचे दहा का झाले ते बघतो, तर? मीटर बंद पडलं की गावोगावी जाऊन ते कारण शोधायचे. स्वतःच्या घरात शोधलं नाही.

दुसऱ्या दिवशी, सत्तावीस जानेवारीला, दुपारी चार वाजता ते वाचनालयात गेले नाहीत. त्यांनी मशीनवरचा कप उचलून ओट्यावर ठेवला, लुगडं काढून दिवाणावर ठेवलं, प्लग लावला आणि बटण दाबलं. मशीनने दोन शिट्ट्या दिल्या आणि घुंऽऽ सुरू झालं. नळी त्यांनी यमुताईंच्या उशीवर ठेवली. तिच्यातून बारीक वारा येत राहिला. ते समोर जमिनीवर बसले.

दहा मिनिटांत भारती दारात. तिचा चेहरा उतरला होता.

"काका, काय झालं? तुमची तब्येत?"

"मी बरा आहे."

"मंग हे काहून चालू केलं?"

खात्यात एक रीत होती. एखाद्याचं मीटर मध्ये बंद पडलेलं आढळलं की तेवढे दिवस कोरे सोडायचे नाहीत, जे युनिट लागायला हवे होते ते भरून काढायचे. मधुसूदनरावांनी ही रीत चौतीस वर्षं पाळली होती. त्यांनी भारतीला ती रीत सांगितली नाही. ते एवढंच म्हणाले, "तिचे एकवीस युनिट राहिले आहेत. रोज तीन तास. एकवीस दिवस लागतील."

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, काका, तुम्हाला झालंय तरी काय? भारती म्हणाली नाही. ती आत आली, बसायला जागा शोधली, ती नव्हती, म्हणून ओट्याला टेकून खाली फरशीवर बसली. थोड्या वेळाने उठून गेली.

पुढे रोज चारला मशीन लागायचं आणि सातला बंद व्हायचं. सोसायटीत सगळ्यांना ऐकू जायचं. कुणी काही विचारलं नाही. फेब्रुवारी लागला तरी जिन्याखाली यादी लागली नाही. खिळे तेवढे भिंतीत राहिले. भैरवीने फोनवर मशीनचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, सोळा तारखेनंतर देतो. सकाळी सहाला खाली जाणं चालू होतं. एक युनिट जास्त यायचं, ते डायरीत लिहायचे, पण वर येऊन काही बोलत नसत. बोलायला होतं कोण? मन अजून तसंच होतं, गार. मशीन चालू असताना त्यांना बरंही वाटत नव्हतं आणि वाईटही. फक्त तीन तास काय करायचं हे माहीत असायचं.

सोळा फेब्रुवारीला एकविसावा दिवस भरला. सात वाजले. यमुताई बटण कसं दाबत असतील, हा विचार आज पहिल्यांदा त्यांच्या मनात आला. बटण दिवाणाच्या बाजूला नव्हतं, भिंतीच्या बाजूला होतं. ते दाबायला उठावं लागायचं, वाकावं लागायचं. नळी काढून, धापा टाकत, रोज. बंद करताना एकदा आणि चालू करताना एकदा. मधुसूदनराव वाकले आणि त्यांनी ते बंद केलं. लुगडं परत वर टाकलं. जेवले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी चारला मशीन लागलं नाही. त्याच्या पुढच्या सकाळी सहाला ते खाली उतरले. चष्मा कपाळावर सरकवला, आकडा बघितला, मनात वजाबाकी केली, जिना चढून वर आले. दार ढकललं. आणि चपला काढता काढता, पस्तीस वर्षांच्या सवयीने, मोठ्याने म्हणाले,

"आज एक युनिट कमी."

दोनशे चाळीस चौरस फुटांत मोठ्याने बोलायची गरज नसते. बोललेलं सगळीकडे पोचतं. ते ओट्यापर्यंत गेलं, न्हाणीपर्यंत गेलं, दिवाणावरच्या घडी केलेल्या अंथरुणापर्यंत गेलं. बघा, होतं की, असं कुणी म्हणालं नाही.

एक पाय चपलेत, एक फरशीवर, असे मधुसूदनराव उभे राहिले. मग ते तिथेच उंबऱ्यात बसले आणि रडायला लागले. जवळजवळ पाच महिने, तेराव्यालाही, गच्चीवरही आलं नव्हतं ते रडू आता आलं, मोठ्याने, लाज न बाळगता. भिंतीपलीकडे भारतीचा मिक्सर चालू होता. तो थांबला.